उतारू

अंबुहिजातुवूच्या चढावर, तिसऱ्या वळणाला,
गाडीने एकदाच खोकून मान टाकली.
मागे बसलेल्या बाई कोंबड्यांची टोपली घेऊन उतरल्या,
अर्धंच भाडं देऊन गेल्या.
दादा म्हणाले, बरोबर आहे, चढही अर्धाच झाला.

फनिरीने बॉनेट उघडलं आणि बराच वेळ गप्प राहिला.
मेकॅनिक गप्प झाला की रक्कम वाढत असते.
मग सिगरेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहून दिलं:
रिंगा, पिस्टन, पॅकिंग, मजुरी,
अठरा लाख आरियारी.
एवढ्यात होईल?
एवढ्यात सुरू होईल, तो म्हणाला.

मी कपड्यांच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
रात्री वहीत मधोमध रेघ मारली.
डावीकडे ही रेनो, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी.
उजवीकडे फनिरीच्या मेव्हण्याची कोरियन,
चंदेरी, बटणाने काचा खाली होणारी,
एक कोटी साठ लाख, हप्त्याने.

कोंबडीपेक्षा मसाला महाग, हे कळायला वही लागत नाही.
पण यातली कोंबडी कोणती, तेच ठरेना.
उजवं दार अंद्रावुआंगीच्या बाजारातलं, कुणा दुसऱ्याच्या गाडीचं,
आतून त्याचा हिरवा रंग अजून दिसतो.
पायाखालचा पत्रा तेलाच्या पिंपाचा,
त्यावरची उलटी अक्षरं वाचता येतात.
टाकी गळते म्हणून केव्हाच बंद;
पेट्रोल दीड लिटरच्या बाटलीत, नळी लावून, दादांच्या पायांशी.
गिऱ्हाइकाकडून आधी आगाऊ पैसे, मग पेट्रोल,
मग प्रवास.
मूळचा म्हणावा असा फक्त गिअरचा दांडा,
छत्रीच्या मुठीसारखा, तळव्याने झिजून गुळगुळीत.
आणि तो तळवा.

सकाळी पाकीट दादांपुढे ठेवलं.
त्यांनी ते खिडकीपाशी नेलं,
जवळ धरलं, लांब धरलं,
म्हणाले, आठ लाख. जमेल.

मी दुरुस्त केलं नाही.

मग एकेक आठवू लागलं.
अंधार पडायच्या आत घरी येणं.
चौकात पुढची गाडी हलली की मगच हलणं.
उजव्या दिव्याखालचा पोचा, ज्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.
या गाडीला शहर पाठ आहे, ते नेहमी म्हणायचे.
गाडीला नव्हतं.
फरसबंदी कुठे खडखडते, कुठे एकदम गप्प होते,
त्यावरून ते वळत होते.
त्या मऊ कोरियन गाडीत त्यांना काहीच ऐकू आलं नसतं.
माझ्या वहीत याला रकाना नव्हता.

रविवारी रस्ता मोकळा.
टपावर जॅकरँडाची फुलं, जांभळी, ओली.
फनिरीकडे न्यायची, इंजिनाशिवाय, सगळा उतारच.
मी डावीकडचं दार उघडून बसले.
दादा जरा वेळ बाहेर उभे राहिले,
मग बाटली काखेत घेऊन वळसा घालून
हिरव्या दाराने आत आले.
सीटची स्प्रिंग टोचली तेव्हा म्हणाले,
इतकी वर्षं एकाही उतारूने सांगितलं नाही.

मी हँडब्रेक सोडला.
आता डावीकडे, ते डोळे मिटून म्हणत होते,
आता सावकाश, इथे नळावर बायका असतात.
होत्या.
आता ब्रेक. आधी थोडा, मग सगळा.
मला ते सोळाव्या वर्षी शिकवताना ओरडले होते;
आता आवाज बसलेला, जणू रस्ताच वाचून दाखवतायत.

फनिरीने हात पुसत विचारलं, काय ठरलं?
दादांनी माझ्याकडे पाहिलं,
नेमकं माझ्याकडे नाही, थोडं बाजूला.
कर, मी म्हणाले. अठरा लाख.
आठ, दादा म्हणाले.
अठरा, दादा.

त्यांनी काही विचारलं नाही.
बाहेर कुणीतरी चाकात हवा भरत होतं, ती भरून झाली.
मग ते वाकले, चाचपडत,
आणि मांडीवरची बाटली
माझ्या पायांशी ठेवली.
झाकण घट्ट लाव, म्हणाले,
चढावर सांडतं.